दोन शेळ्यांच्या भावाचं पिस्तूल

"हे गावठी लोखंड माझ्या पिस्तुलाला खेटून कुणी ठेवलं?"

खंडेनवमीची पूजा मांडलेली, आणि जामगडच्या राजांचा आवाज असा चढला की भटजींच्या अक्षता हातातच राहिल्या. नवमीला गावातलं झाडून सारं हत्यार राजवाड्यात एका ओळीत पुजायचं, ही तिथली जुनी रीत. राजांचं विलायती पिस्तूल मखमलीवर पहुडलेलं. हस्तिदंती मूठ, नळीवर सोन्याची वेल. शेजारी काळं, बोजड, बाभळीच्या मुठीचं दुसरं.

"माझं आहे, महाराज," येसू लोहारीण पुढं झाली. बाप अंथरुणाला खिळल्यापासून भट्टी तीच चालवायची. असली पिस्तुलं घडवायची आणि घाटातून बाजाराला जाणाऱ्या बायाबापड्यांना विकायची.

"केवढ्याला देतेस?"

"दोन शेळ्यांच्या भावात."

"माझं हत्तीच्या भावात आलंय."

"असेल की. पण घाटातला चोर काही भाव विचारत नाही, महाराज."

कुणीतरी फिसकन हसलं, आणि तिथंच राजांचं डोकं फिरलं.

"उद्या दिवस मावळायच्या आत दाखवून दे, की तुझं पिस्तूल माझ्या पिस्तुलापेक्षा धन्याला जास्त राखतं. गोळी झाडायची नाही. दोन्हींपैकी एकालाही चरा पडता कामा नये. नाही जमलं, तर परवापासून तुझ्या भट्टीला माझं कुलूप."

भट्टी बंद म्हणजे चूल बंद, बापाचं औषध बंद. पण धास्ती तोंडावर दिसू देईल तर ती येसू कसली!

"मग उद्या सीमोल्लंघनाला हत्तीवर बसू नका, महाराज. पिस्तूल कमरेला लावा आणि शिवेवरच्या आपट्यापर्यंत माझ्यासंगं पायी चला."

"एवढंच?"

"एवढंच."

दसऱ्याला दोघं निघाले. वेशीपाशी धूळ उडाली, तशी राजांनी शेला ओढून पिस्तूल झाकलं. पुढं गुलाल उधळला, तसा वर हात धरला. गर्दी वाढली, तेव्हा दोन भालदारांना हाक मारली. "अरे, नीट लक्ष ठेवा. सोन्याची वेल आहे त्याच्यावर."

ओढ्याला पाणी गुडघाभर. राजांनी पागोटं उतरवलं, पिस्तूल त्यात गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी उंच धरून बोडक्या डोक्यानं ओढा ओलांडला. मागून येसू आली, ती काठावरच्या चिखलात पिस्तुलासकट आपटली. उठली, पदरानं पिस्तूल पुसलं. राजांनी वाकून बघितलं. चरा नव्हता.

आपट्याखाली पोचल्यावर राजे म्हणाले, "काय गं, कुठाय तुझा पुरावा?"

"एक विचारू का? हे भालदार वाटभर कुणाला राखत होते?"

"पिस्तुलाला."

"आणि आपले दोन्ही हात?"

राजांनी छातीशी धरलेल्या पागोट्याकडं पाहिलं. "पिस्तुलालाच."

"मग महाराजांना कोण राखत होतं?"

राजांनी भिजलेल्या धोतराकडं पाहिलं, बोडक्या डोक्यावरून हात फिरवला, आणि असे खदखदून हसले की आपट्यावरचे पोपट उडाले.

"हे नेऊन पेटीत ठेवा," त्यांनी बोचकं भालदाराच्या हाती दिलं. "येसू, घाटातल्या चौकीदारांना तुझी वीस पिस्तुलं हवीत. एक मला. भाव मात्र हत्तीचा लावू नकोस."

"दोन शेळ्याच, महाराज. पण मखमल आमच्याकडं मिळत नाही."