दाराला मिळालेला निकाल

करंजगड संस्थानात कायदा असा, की निकाल हाती पडल्यापासून दहा दिवसांत अपील करायचं. अकराव्या दिवशी देव आला तरी ऐकायचं नाही!

सोनबा साळ्यावर चोरीचा खोटा आळ आला. तो कोठडीत असताना न्यायाधीश दाजीसाहेबांनी त्याच्या माघारीच शिक्षा ठोठावली, आणि निकाल चिकटवला कुठे, तर सोनबाच्या घराच्या दारावर! त्याची बायको येसू निरक्षर. नवव्या दिवशी मास्तरांनी कागद वाचला, तेव्हा तिला कळलं. मास्तरांकडून अपील लिहून घेऊन ती धावत कचेरीत गेली, तर दाजीसाहेब शिकारीला गेलेले.

बाराव्या दिवशी ते परतले. येसू भरल्या कचेरीत उभी राहिली.

"मुदत संपली," दाजीसाहेब मिशीवर हात फिरवत म्हणाले. "दाराला कागद लागला, की मालकाला मिळाला."

"मग अपील वेळेत आलंय, सरकार. नवव्या दिवशीच तुमच्या बंगल्याच्या दाराला लावलंय."

दाजीसाहेब भडकले. "मी घरात नव्हतो! दाराला काय वाचता येतं?"

"आमच्याही दाराला येत नाही, सरकार. माझा धनी तर तुमच्याच कोठडीत होता. मग त्याचे दहा दिवस आजपासून मोजा."

कचेरीत खसखस पिकली. दाजीसाहेबांनी निमूट अपील आणायला शिपाई पाठवला. पण साळ्यांची सुताला लावायची खळ ती, कागद निघेना. शेवटी दारच उचलून आणलं आणि त्यावर शिक्का मारला.

अपिलात सोनबा निर्दोष सुटला. दाजीसाहेबांच्या दारावर मात्र 'दाखल' हा शिक्का कायमचा राहिला.