रिठ्याचं पाणी

“बुवा, तेलाचा डाग कशानं जातो?” रेवणनं विचारलं.

आणि इथून पुढचं सगळं शपथेवर खरं आहे. गळ्याची आण. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणजे, मी तेव्हा जन्मलो नव्हतो. पण माझ्या मामानं पाहिलंय, आणि मामा खोटं बोलायचा ते फक्त कुणाचं लग्न जमवताना. आता मला मामा नव्हता, हा भाग वेगळा. तेवढ्यासाठी गोष्ट कशाला अडवायची?

तर बुवा मठाच्या अंगणात शेंगा फोडत बसले होते.

“कुठल्या डागाचं म्हणतोस?”

“कुठल्याही.”

“बघू,” बुवा म्हणाले.

हे ‘बघू’ रेवणला पाठ झालं होतं. बार्शीतली बापाची चांगली चालती खानावळ सोडून तो ओढ्यापलीकडच्या ह्या मठात आला, त्याला दोन पावसाळे उलटले. बुवांनी एकदा डोक्यावर हात ठेवावा, अनुग्रह द्यावा, एवढंच त्याचं मागणं. विचारलं की ‘बघू’. हात काही डोक्यावर यायचा नाही. कधी ताकाच्या गाडग्यावर असायचा, कधी मांजरावर. त्या मांजराला अनुग्रह होऊन वर्ष तरी झालं असावं, असा रेवणला संशय होता.

रेवणला गर्व एकाच गोष्टीचा होता, पण होता भरपूर. स्वच्छतेचा. खानावळीतली चुलीमागची भिंत त्यानं अशी लख्ख केली होती म्हणे, की गिऱ्हाइकं तिच्यात बघून भांग पाडत. मठातली समई त्यानं चिंचेनं घासून उन्हात ठेवली, तर दिवस दुसऱ्यांदा उगवला समजून गावातले कोंबडे भर दुपारी आरवले.

अशा माणसाच्या डोळ्यांत मठातली एकच गोष्ट सलत होती.

आतल्या खोलीत खिडकीशेजारी, भिंतीला टेकून बसलं की डोकं जिथं येईल तिथं, एक डाग होता. ताटलीएवढा. तेलकट, काळपट. दरवर्षी दसऱ्याच्या आधी बुवा स्वतः मठाला चुना लावत, आणि नेमके तिथं आले की चुना संपे.

विसराळू झालेत, रेवण मनाशी म्हणे.

त्यातून रोज सकाळी चहाचा पेला घेऊन बुवा त्या डागासमोर जाऊन बसत. बोलत नसत. नुसते बघत. चहा गार होऊन जाई.

खुपतोय त्यांना, रेवणनं ठरवून टाकलं. आणि सांगवत नाही बिचाऱ्यांना.

हा डाग आपण काढला तर?... मग तरी तो हात...

त्यानं रिठे भिजत घातले. सकाळी उकळले, कुस्करले, पाणी गाळून घेतलं. त्यात मूठभर खायचा सोडा टाकला आणि वर रसरशीत लिंबू पिळलं. पातेलं फसफसून उतू आलं.

“बघा बुवा! काय जोर आहे बघा!”

बुवांनी वाकून बघितलं. फेस ओसरला. खाली गढूळ पाणी उरलं.

“दमलं,” बुवा म्हणाले.

“काय दमलं?”

“दोघंही. आंबटाला सोड्यावर सोडलंस, ते भांडून गप्प झाले. आता डागाशी कोण बोलणार?”

रेवणचं तोंड पडलं.

बुवांनी दुसरं पातेलं पुढं ओढलं. “सोडा रिठ्याच्या पाण्यात दाट कालव. तो तेलाला. लिंबाच्या साली आणि मीठ वेगळं ठेव, ते तांब्यापितळेला. ज्याला त्याला आपापलं काम दे.”

“आणि मग घासायचं जोरात.”

“नाही रे बाबा. लावून ठेवायचं आणि बसायचं. त्याचं त्याला सुटू दे. फार झालं तर ओल्या फडक्यानं टिपून घे...” बुवांनी शेंग फोडली. “भिंतीला दुखता कामा नये.”

आपण भिंतीचं नावही काढलं नव्हतं, हे रेवणच्या लक्षात आलं नाही. कदाचित बुवांच्याही.

दुसऱ्या दिवशी बुवा पलीकडच्या वाडीत बारशाला गेले. ते ओढा ओलांडेपर्यंत रेवणनं कसाबसा दम धरला. मग डागाला लेप लावला आणि बुवांनी सांगितलं तसा मुकाट बसून राहिला. लेप वाळला. ओल्या फडक्यानं त्यानं तो टिपून घेतला, पुन्हा लावला, पुन्हा टिपला.

डाग गेला.

भिंत इतकी पांढरी निघाली की एक कावळा खिडकीतून आत आला, भिंतीकडं बघितलं, स्वतःकडं बघितलं, आणि शरमून निघून गेला. तो कावळा शपथेवर खरा.

तेवढ्यात गोदाआत्या दूध घेऊन आली. मठाला लागून शेत तिचंच. मठाला दूध तिच्या घरचं, तेही ती लग्न होऊन आली तेव्हापासून. ती खोलीच्या दारात आली आणि तिथंच थबकली.

“अरे मेल्या,” ती अगदी हळू म्हणाली. “थोरले कुठायत?”

“कोण थोरले?”

“थोरले बुवा. आपल्या बुवांचे गुरू. डोळे गेले होते त्यांचे. खिडकीतलं ऊन तोंडावर घेत, तिथं डोकं टेकून बसायचे दिवसभर. आणि बुवा रोज त्यांच्या डोक्याला तेल घालायचे...” तिनं चरवी खाली ठेवली. “फोटो काढू दिला नाही त्यांनी. समाधी बांधू नका म्हणाले. भिंतीवर होते तेवढेच होते.”

रेवणनं हातांकडं बघितलं. फडक्यात तरी काही उरलं असेल... पण फडका त्यानं केव्हाच धुऊन, पिळून दोरीवर वाळत घातला होता. लख्ख निघाला होता तोही.

बुवा परतले तेव्हा रेवण उंबऱ्यावर बसला होता. मांडीवर गाठोडं.

“घुगऱ्या आणल्यात,” बुवा उपरण्याची गाठ सोडत म्हणाले. “पोरगं बघायला हवं होतंस. इतकं रडलं, की नाव कुणाला ऐकूच आलं नाही.”

“बुवा... डाग गेला.”

“कुठला?”

रेवणनं आतल्या खोलीकडं बोट केलं.

बुवा आत गेले.

...

बुवा रडले नाहीत. भिंतीवर तळहात टेकवून उभे राहिले, एवढंच. मांजर पायांत घुटमळलं. त्याच्याकडं त्यांनी बघितलंही नाही.

“घासलं नाहीस,” आतून आवाज आला.

“नाही. तुम्ही सांगितलं होतं.”

“हं... हलक्या हातानं केलंस. ओरखडा नाही कुठं.”

“मला ठाऊक नव्हतं, बुवा. तुम्हाला तो खुपतो असं वाटलं मला.”

“मी कधी सांगितलं नाही.”

“मी जातो.”

“कुठं?”

“बार्शीला. बापाच्या खानावळीत भांडी घासतो. तेवढंच येतं मला.”

“बघू,” बुवा म्हणाले. “आधी तेलाची वाटी घेऊन आत ये.”

दिवा लावायचा असेल, असं रेवणला वाटलं. त्यानं गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं, वाटी आणली, समईकडं वळला. बुवांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. खिडकीशेजारी. भिंतीला पाठ करून.

“इथं नको, बुवा... इथं मी कसा...”

“हलू नकोस. सांडेल.”

बुवांनी तळहातावर तेल ओतून घेतलं. आणि मग तो हात, दोन पावसाळे ताकाच्या गाडग्यावर आणि मांजरावर फिरलेला तो हात, रेवणच्या डोक्यावर आला.

बोटांना रस्ता ठाऊक होता. कपाळापासून मागं, कानांच्या मागून खाली, पुन्हा वर टाळूवर. इतक्या वर्षांत ती वाट काही मोडली नव्हती. एक थेंब रेवणच्या मानेवरून खाली ओघळला. रेवणनं डोळे पुसले.

“तेल गेलं डोळ्यांत,” तो म्हणाला.

“करडईचं आहे. झोंबत नाही.”

“थोडं झोंबतं, बुवा.”

“बरं. झोंबू दे.”

आता इथं मला कबूल केलं पाहिजे. वर काही ठिकाणी माझी जीभ सैल सुटली. कोंबडे माझे. मामाही माझाच. कावळा मात्र खरा, तो मी मागं घेणार नाही. आणि बुवा रडले नाहीत असं जे मी सांगितलं, ते साफ खोटं.

बुवांनी वाटी बाजूला ठेवली, हात स्वतःच्याच दाढीला पुसले.

“टेक आता डोकं.”

रेवणनं भीत भीत डोकं मागं नेलं. पांढऱ्या स्वच्छ भिंतीला ते लागलं. भिंत अजून गार होती.

“किती वेळ बसू, बुवा?”

“डाग पडेपर्यंत.”