बियाण्याचा भोपळा

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक सासू राहत होती. कामाला वाघ, हाताला चव, मनानंही वाईट नव्हती. फक्त कुणाच्या दारी काही मागायला जायचं म्हटलं की तिच्या अंगावर काटा यायचा. "आमच्या घरात कधी काही कमी पडत नाही," असं ती येताजाता सांगायची आणि ऐकणारे बिचारे माना डोलवायचे.

तिच्या सुनेचं माहेर लांब होतं. आई वारली तेव्हा सून तिकडे शेवटची गेली आणि घराला कुलूप लावून परतली. येताना तिनं आईच्या परसातल्या दुधी भोपळ्याच्या मूठभर बिया पदरात बांधून आणल्या. माहेरचं म्हणून तिच्याकडे आता एवढंच उरलं होतं.

उन्हाळा सरत आला तसं सुनेनं गोठ्यामागे आळं केलं, शेणखत घातलं आणि बिया लावल्या. उरल्या त्या शेजारच्या कुंभारणीला दिल्या. सासूनं ते पाहिलं.

"अगं, आधीच मूठभर बी. त्यात ही खैरात कशाला?"

"आई दरवर्षी शेजारी द्यायची, आत्याबाई. म्हणून दिलं."

संध्याकाळपर्यंत सासू भांडी जरा जोरातच आपटत होती.

पावसात वेल गोठ्याच्या छपरावर चढला. पहिला धरलेला भोपळा सुनेनं तोडला नाही. त्याच्या देठाला लाल चिंधी बांधली. बियाण्याचा भोपळा वेलावरच पिकून, वाळून खुळखुळेपर्यंत राखावा लागतो, तेव्हा कुठे आतलं बी रुजण्याजोगं होतं. बाकीचे भोपळे घरानं आवडीनं खाल्ले. खैरातीवर रागावलेल्या सासूनंही भाजी दोनदा वाढून घेतली.

भाद्रपदात गौरी आल्या. जेवणाच्या दिवशी पुरणपोळी आणि सोळा भाज्या, ही त्या घरची रीत. आदल्या संध्याकाळी सासूनं भाज्या मांडल्या तर पंधराच भरल्या. दुधी नव्हता. वेलावर राहिला होता तो फक्त चिंधीवाला.

"तोच काढ," सासू म्हणाली.

सून कावरीबावरी झाली. "आत्याबाई, तो बियाण्याचा आहे. कुंभारीणकाकूंच्या वेलाला कोवळे लागलेत. एक मागून आणते."

"आपण दिलेलंच परत मागायला जायचं? ऐन सणात? लोक काय म्हणतील? आणि वेलाला अजून लागतील की भोपळे!"

सकाळी सून अंघोळीला गेलेली पाहून सासूनं विळा घेतला आणि देठ कापला. चिरायला बसली तर विळी चालेना. साल कडक, गर चिवट, बिया पांढऱ्या आणि पोचट. शिजवून शिजवून भाजी कशीबशी झाली. सोळा भाज्यांचं ताट गौरींपुढे गेलं, आलेल्या बायकांनी कौतुक केलं. केराशेजारी पडलेली लाल चिंधी तेवढी सुनेनं उचलली, धुतली आणि घडी करून ठेवली. सासूला ते दिसलं. त्या दिवशी तिला पुरणपोळी गोड लागली नाही.

पाऊस थांबला. आश्विनाचं कोरडं ऊन पडू लागलं, शेतात बाजरीची कापणी सुरू झाली. गोठ्यावरचा वेल मात्र पुन्हा एकही फळ न धरता सुकत चालला. सासू त्याला रोज पाणी घालायची. कुणी सांगितलं नव्हतं, तरी घालायची. एके दिवशी पानं तिच्या हातात चुरली आणि तिला रडूच कोसळलं. पोरीच्या आईची शेवटची आठवण आपण एका ताटाच्या मानापायी चिरून टाकली, हे तिला कळून चुकलं.

दिवाळी तोंडावर आली होती. सासूनं पदर सावरला आणि कुंभारणीच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली.

"या की वहिनी! आज इकडं कुठं वाट चुकला?"

"मागायला आले गं," सासू म्हणाली. "भोपळ्याचं बी असलं तर दे. सुनेचं होतं ते मी घालवलं."

कुंभारणीनं भट्टीशेजारच्या छपराकडे बोट दाखवलं. तिथे एक वाळलेला भोपळा लोंबत होता आणि त्याच्या देठाला निळी चिंधी होती. "पहिला राखायचा, हे तुमच्या सुनेनंच शिकवलं मला. न्या अख्खा. मला रुजवायपुरतं ठेवा म्हंजे झालं. आन् मागायला कसलं? बी तुमच्याच घरचं."

सासूनं भोपळा आणून सुनेच्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "पोरी, चुकले मी." सुनेनं भोपळा कानाशी नेऊन हलवला. आत बिया खुळखुळल्या.

"आईच्या परसात अस्साच वाजायचा," ती म्हणाली आणि डोळे पुसत हसली.

पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी सासू स्वतः गावात बिया वाटत फिरली. प्रत्येकीला बजावून सांगत होती, "पहिला राखा हं. आमचा गेला तर तुमच्याकडेच येणार आहे मी मागायला."

तात्पर्य: शेजाऱ्याला दिलेलं बी आपल्यासाठीही राखलेलं असतं, फक्त गरजेला त्याच्या दारी जाऊन मागता आलं पाहिजे.