बांधात गेलेला बापदेव

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. खाडीचं पाणी तेव्हा कोसभर आत यायचं. काठावर आंबेखार नावाचं गाव होतं आणि गावाला एक मातीचा बांध होता. बांधाच्या एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं, मधे जेमतेम चार हात माती. त्या चार हात मातीवर सगळं गाव जेवत होतं. बांध फुटला तर खांड पडली म्हणतात. खांडीतून एकदा खारं पाणी आत आलं की तीन वर्षं शेतात गवतसुद्धा उगवत नाही, मग माणसं चूल मोडून दुसरीकडे निघून जातात.

बांधावर बापदेव होता. म्हणजे शेंदूर फासलेला एक धोंडा, बसलेल्या माणसाएवढा, गावातल्या प्रत्येक दारातून दिसणारा. त्याला तिथे आणायला सात गडी लागले होते, असं म्हणतात.

बांधाच्या पायथ्याशी, आतल्या बाजूला, चांगुणेचं खोपटं होतं. तिचा नवरा गोमा बांधाची राखण करायचा. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. शेवटी हिरू झाली. बाराव्या दिवशी चांगुणा पोरीला घेऊन देवापुढे गेली. लोक देवाकडे मागायला जातात, हिने काही मागितलं नाही. म्हणाली, "बापा, धाडलास ता पोचला." पुढे भात उदंड पिकलं, तेव्हाही ती एवढंच सांगून आली.

मग एका पावसाळ्यात गोमा तापाने गेला. आता ही बाई देवाला काय सांगते, इकडे सगळं गाव डोळे लावून बसलं. दुसऱ्याच्या दुःखाची परीक्षा बघायची माणसांना फार हौस. बारा दिवस चांगुणा बांधावर फिरकली नाही. तेराव्या दिवशी गेली ती उन्हं कलेपर्यंत धोंड्यापुढे बसून राहिली. रडली, भांडली, नाही नाही ते बोलली. उठताना म्हणाली, "बापा, ता पन पोचला. तुजा मन मना कलला नाय. पन तू वाईट नाय, एवढा मना ठावं हाय."

तेव्हापासून ती देवाच्या घरची बाई, अशी गावाची खात्री पटली आणि तिथेच गाव चुकलं. दर चैत्रात घरटी एक माणूस पाटीभर चिखल घेऊन बांधावर जायचा, वर्षाची डागडुजी व्हायची. त्या वर्षी लखमा पाटलाने ठरवलं की राखणीला चांगुणा आहे तोवर बांधाला काय होतंय? चिखल राहू दे, त्याऐवजी घरटी एक नारळ फोडू. नारळ फुटले. खोबरं आठ दिवस पुरलं.

चांगुणा मात्र बांधावर जाऊन बिळं मोजून आली. तिला बांधाची नस न् नस माहीत होती. खेकड्यांनी तो पोखरला होता. आज चार बिळं बुजवावी तर उद्या पाच नवी. देव भला आहे यात तिला शंका नव्हती, पण खेकडे काही देवाला विचारून बिळं पाडत नाहीत. ती पाटलाकडे गेली. पाटील हसला, देवावरचा भरवसा उडाला काय म्हणून विचारू लागला. चांगुणा म्हणाली, "भरवसा हाय म्हनून तर माती मांगतंय." माती कोणी दिली नाही. मग ती एकटीच बिळं बुजवत राहिली. प्रत्येक भरतीला ती बांधावर उभी राही.

भादव्याची पुनव आली. उधाणाची भरती ऐन दुपारी, वर सोसाट्याचा वारा, आणि खोपट्यात हिरू चार दिवस तापाने फणफणलेली. गोमाला आला होता तसलाच ताप. चांगुणा एकदा पोरीपाशी जाई, एकदा बांधावर. तेवढ्यात बापदेवाच्या पायाशी पाणी बुडबुडलं. बीळ आधी हात जाईल एवढं झालं, बघता बघता घागर जाईल एवढं. पोरीला उचलून पळावं तर गाव बुडतं. गावाला बोलवायला जावं तर तोवर खोपट्यावर पाणी. हाका मारल्या, त्या वाऱ्याने खाडीत नेल्या.

तेव्हा तिने जे केलं ते आजवर कोणी केलं नव्हतं. तिने देवाला हात घातला. म्हणाली, "बापा, आजवर तू धाडलास ता मी घेतला. आता मी धाडतंय, तू घे."

सात गड्यांचा धोंडा त्या एकटीने खांडीत लोटला, असं म्हणतात. कोणी म्हणतात तिने नुसता हात लावला, तो आपणहून कलला. खरं खोटं तो धोंडा जाणे.

गावात पानं वाढली होती. पहिल्या घासाआधी माणसं सवयीने बांधाकडे बघून हात जोडायची. त्या दुपारी हात जोडले, तर समोर देवच नाही. देव गाव सोडून गेला, असं वाटून सगळी भरल्या पानावरून उठून धावली. बघतात तर चांगुणा छातीभर पाण्यात, पाठ धोंड्याला लावलेली, उजवा हात त्याच्याखाली अडकलेला.

"देव गेला नाय," ती म्हणाली. "हितंच खाली हाय. माती आना."

मग माती आली. पाट्यांनी आली, लुगड्याच्या ओच्यांतून आली, पाटलाच्या पागोट्यातून आली. ओहोटी लागली तेव्हा देवावर पुरुषभर चिखल चढला होता.

चांगुणेला बाहेर काढलं. उजवा हात पार चिरडला होता, तो पुढे कधी कामाला आला नाही. ती तशीच खोपट्याकडे निघाली आणि दारात थबकली. आत काय असेल ते असेल, पोचलं म्हणायचं होतंच. पण पाऊल उचलेना. एवढ्या उधाणात भ्याली नाही ती बाई उंबऱ्याला भ्याली. शेवटी तिने डावा हात आत घालून पोरीच्या कपाळाला लावला. कपाळ घामाने ओलंचिंब होतं, ताप उतरला होता. चांगुणा उंबऱ्यावरच बसली आणि मोठ्याने रडली. त्या दिवशी देवाला सांगायचं राहूनच गेलं, असं म्हणतात.

पुढे गावाने देवाला वर काढून देऊळ बांधायचं ठरवलं. चांगुणेने हात जोडून सांगितलं की तो कामात आहे, त्याला उठवू नका. म्हणून आंबेखारला आजही देऊळ नाही. चैत्रात घरटी पाटीभर चिखल बांधावर पडतो, आणि चांगुणेच्या नावाने पहिली पाटी डाव्या हाताने टाकतात. गावात नवी नवरी आली की तिला पहिल्या दिवशी तिथे नेतात. नटलेली पोर बावरून इकडेतिकडे बघते, पाया कुणाच्या पडायचं म्हणून विचारते.

सासू म्हणते, "तू उभी हास ना, तिथंच खाली हाय," आणि तिच्या हातात पाटी देते.