आखूड पटाशी

“आणि हातातून निसटली तर?”

नमिताने हे तिसऱ्यांदा विचारलं. वासू मेस्त्री उकिडवे बसून गोणपाटावर पटाश्या मांडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आणि मधेच तुटली तर? फिरत्या लाकडावर पातंच तुटलं तर, मेस्त्री?”

“चहा टाकलास काय गो?”

चहा तिने केव्हाच दिला होता. कप त्यांच्या गुडघ्याशी निवत होता.

वासू मेस्त्री लाकडी खेळण्यांचे जुने कातारी. पोळपाट-लाटण्यापासून भातुकलीच्या भांड्यांपर्यंत, लेथवर गोल फिरवून घडेल ते सगळं ते घडवत. कौलारू छपरात त्यांचे दोन लेथ होते. एक त्यांचा. दुसरा त्यांच्या धाकट्या भावाचा, भाऊ गेल्यापासून चादरीखाली झाकलेला. आठ महिने नमिता मेस्त्रींच्या लेथवर, त्यांच्याच हत्यारांनी शिकली. आज सकाळी ती आली तेव्हा चादर घडी घालून खिडकीत ठेवलेली होती.

दुसरा लेथ आजपासून तिचा.

त्या छपराची एक रीत होती. शिकणाऱ्याने आपली पहिली पटाशी आपणच निवडायची, शिकवणाऱ्याने बोट दाखवायचं नाही. त्या पटाशीने पहिला करायचा तो खुळखुळा, आणि तो द्यायचा आपल्या घरातल्या सगळ्यात लहान पोराच्या हातात. त्याला रंग लावायचा नाही, घासकागद मारायचा नाही. पटाशीने सोडलं तसं लाकूड. आधी मेस्त्री तो आपल्या ओठावरून फिरवणार. ओठाला लाकडाची एक जरी बारीक कूस टोचली तरी खुळखुळा चुलीत.

नमिताच्या घरातलं सगळ्यात लहान पोर तिथेच, वाशाच्या आकड्याला टांगलेल्या झोळीत झोपलं होतं. गोजी, दहा महिन्यांची. खाली दोन दात आलेले, वर हिरड्या सुजलेल्या, आणि हाताला लागेल ते तोंडात. नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. पोर ठेवायचं कुणाकडे? म्हणून झोळी इथे.

रात्रभर नमिताच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट येत होती. गोजीची गुलाबी हिरडी, आणि तिच्यात रुतलेली एक बारीक कूस.

गोणपाटावर सहा पटाश्या होत्या. तीन शहरातून आलेल्या, चकचकीत. दोन जाड पात्याच्या. आणि एक आखूड, काळ्या मुठीची. तिच्यावरच नमिता शिकली होती.

तिने एकेक उचलून पाहिली. हातात तोलली, दगडावर हळूच ठोकून आवाज ऐकला. मोबाइलवर बघितलेलं सगळं तिने मेस्त्रींना सांगितलं. मूठ लांब हवी. पातं जड हवं, म्हणजे थरथरत नाही. पोलादात क्रोम असलं म्हणजे गंज धरत नाही. मेस्त्री प्रत्येक गोष्टीला हूं म्हणाले आणि शेवटी म्हणाले की तुझ्या मोबाइलला विचारून ठेव, सकाळी उठून धार लावायला येणार काय तो.

तिला ते लागलं. आठ महिन्यांत ती दिवसाला चार भोवऱ्यांवरून वीस भोवऱ्यांवर आली होती. कुणी थट्टा करावी एवढी ती आता नवखी नव्हती.

आखूड पटाशी तिने बाजूला सारली. तिच्यामुळे हात लाकडाच्या फार जवळ जाणार. जाड दोन्हींची धार तिने अंगठ्यावर आडवी फिरवली आणि ती झोंबताच दोन्ही झटकन खाली ठेवल्या.

मग तिने शहरातली सगळ्यात लांब पटाशी उचलली. मुठीला पॉलिश, पात्यात तोंड दिसेल अशी. अंगठा फिरवला. अंगठ्याला काहीच झालं नाही. पुन्हा फिरवला, जोर देऊन. तरी काहीच नाही.

“ही घेते.”

“धार बघितलीस?”

“बघितली.”

“मग?”

“बोथट आहे,” ती म्हणाली. “म्हणून तर घेते. गोजी आता रांगते, मेस्त्री. दिवसभर खाली असते. कधी हात घालील, काय उचलील... बोथट असली तर निदान कापणार तरी नाही.”

मेस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. उठले, गुडघे धरून सावकाश. झोळीपाशी गेले, गोजीसकट झोळी आकड्यावरून सोडवली आणि पोटाशी धरून बाहेर नेली. अंगणात चिकूचं झाड होतं. त्याच्या फांदीला झोळी बांधली, दोन झोके दिले आणि परत आले.

“तिला का नेलंत?”

मेस्त्रींनी चहाचा कप उचलला. चहावर साय धरली होती, ती बोटाने बाजूला केली.

“चालव,” ते म्हणाले.

नमिताने शिवणीच्या लाकडाचा ठोकळा लेथमध्ये अडकवला. बटण दाबलं. ठोकळा फिरू लागला. तिने पटाशी टेकणावर ठेवून पुढे केली.

लाकूड किंचाळलं.

ढलपी निघाली नाही, नुसता भुसा उडाला. तिने आणखी जोर लावला. पटाशी लाकडावर घसरत राहिली, ते उगाच खरवडलं गेलं, तंतू उभे राहिले. बाहेर गोजी दचकून रडायला लागली. नमिताने दोन्ही हातांनी मूठ दाबली आणि तेवढ्यात लाकडाने पटाशीचं टोक धरलं.

हाताला हिसका बसला. पटाशी उडाली. वाशाला ठण्ण करून आपटली, खाली पडली, गरगरत गेली आणि थांबली.

मेस्त्रींनी लेथ बंद केला.

नमिता खाली बघत होती. पटाशी रिकाम्या आकड्याच्या बरोबर खाली पडली होती...

तिने बाहेर धाव घेतली. गोजीला छातीशी धरलं, तिचे हात, पाय, डोकं, सगळं चाचपलं, जसं काही पटाशी तिथवर आलीच होती. गोजी हुंदके देत देत गप्प झाली. झोपलीसुद्धा.

तिला झोळीत ठेवून ती आत आली तेव्हा मेस्त्रींनी लांब पटाशी पुसून परत गोणपाटावर, तिच्या जागी ठेवली होती.

“दुसरी बघ,” ते म्हणाले.

ती गोणपाटापुढे बसली. कशालाच हात लावायचं धाडस होईना. शेवटी तिने आखूड पटाशी ओढून मांडीवर घेतली. घ्यायची म्हणून नव्हे. सवयीने. काळ्या मुठीवर तिच्याच बोटांचे खळगे पडले होते.

“मेस्त्री... मी आले तेव्हा ही एवढी आखूड नव्हती.”

“नव्हती.”

“वीतभर तरी पातं होतं.”

“होतं.”

“मग?”

मेस्त्रींनी थंड चहा एका घोटात संपवला.

“रोज संध्याकाळी कोणतरी हिची धार दगडावर मारून, हिला बोथट करून जातं,” ते म्हणाले. “रोज सकाळी मी लावतो.”

नमिताची मान खाली गेली. झाडलोट झाली की, मेस्त्री पाय धुवायला विहिरीवर गेले की, ती हे करत आली होती. उद्या गोजीच्या हाताला लागेल या भीतीने याच पटाशीवर दोन-चार वेळा दगड उलटा ओढायचा. तेवढं केलं की झोप यायची. आणि सकाळी धार पुन्हा असायची. तिला वाटायचं आपला दगडच कुचकामी.

“आठ महिने?”

“रविवार सोडून.”

“मग बोललात का नाही?”

“हत्यार तपासत होतो.”

तिने पात्याकडे पाहिलं. जेमतेम चार बोटं उरलं होतं. पण उरलं होतं तेवढं सरळ होतं, एक टवका उडालेला नव्हता. दोनशे वेळा मारलेली धार त्याने दोनशे वेळा परत धरली होती.

“ही घेते,” ती म्हणाली. या वेळी आवाज कमी होता.

मेस्त्री उठले. अंगणात गेले. झोळी सोडवली, आत आणली आणि त्याच आकड्याला टांगली.

बाहेरच राहू दे, नमिता म्हणाली, चांगली झोपली आहे, सावली आहे, मी इथून बघते. मेस्त्रींनी गाठ दोनदा ओढून पाहिली.

“धार लाव,” ते म्हणाले.

तिने दगडावर पाणी घातलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच ती दगड सुलटा ओढत होती. हाताला वाट माहीत होती, मनाला नव्हती. अंगठ्यावर पाहिली तेव्हा अंगठ्याला नुसतं गार लागल्यासारखं झालं.

नवा ठोकळा. बटण. तिने एकदा झोळीकडे पाहिलं आणि पटाशी टेकणावर ठेवली.

जोर लावायच्या आधीच लाकूड सुटायला लागलं.

आवाज नव्हता. चुलीवर दूध वर येताना होतो तेवढा सळसळाट, बस. लांब पातळ साल तिच्या मनगटावरून उतरून पायाशी वेटोळं करून बसली. मग दुसरी. दांडा झाला, वर कांद्यासारखा गोळा झाला, दांड्यावर दोन सैल कड्या सुटल्या. झोळी हलली नाही.

मेस्त्रींनी खुळखुळा ओठावरून फिरवला. एकदा असा, एकदा तसा. मग तिच्या हातात दिला. तिने आपल्या ओठाला लावून पाहिला. गोळा, दांडा, कड्यांच्या आतली बाजूसुद्धा. कुठेच काही नव्हतं.

तिने पटाशी खाली ठेवली आणि तिचा हात आपोआप दगडाकडे गेला. तिथेच थांबला.

“ठेवू कुठे ही?”

मेस्त्रींनी वर पाहिलं. भिंतीत, पुरुषभर उंचीवर, एक खुंटी होती. ती तिथे पहिल्या दिवसापासूनच होती.

नमिताने टाच उंचावून पटाशी खुंटीला लावली. झोळीतून एक पाय बाहेर आला होता. गोजी जागी होऊन आपल्याच अंगठ्याशी खेळत होती. नमिताने तिच्या मुठीत खुळखुळा दिला. तो लगेच तोंडात गेला.

ती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “भीती काही गेली नाही, मेस्त्री. उद्या चालवताना हातातून निसटली तर?”

मेस्त्रींनी झोळीची दोरी हातात घेतली. आकड्याकडे पाहिलं, तिच्या लेथकडे पाहिलं, मधलं अंतर डोळ्यांनी मोजलं.

“धार रोज लावशील ना? मग झोळी अजून हातभर तुझ्या लेथजवळ बांधू?”