प्राम्टर कुठी बसते?

"पण सर, इथं प्राम्टर कुठी बसते?"

तालमीच्या खोलीत आधी कुणाला काही कळलंच नाही. मग मागच्या रांगेतला निषाद फिसकन हसला, आणि मग काय, सगळीच पोरं सुटली.

मोमीनसर हसले नाहीत. ते वर्षातून दोनदा हसतात म्हणे. मी अजून एकदाच पाहिलंय.

मी यमुना. या नाट्यविभागाचा कपडेपट सांभाळते, बावीस वर्षं झाली. बटणं लावते, फेट्यांच्या घड्या घालते, कुणी काय नेलं ते वहीत लिहिते. तालीम चालू असली की कोपऱ्यात स्टुलावर बसून उसवलेलं शिवत असते. माझ्याकडे कुणी बघत नाही, त्यामुळे मला सगळं दिसतं.

विचारणारी पोरगी त्रिवेणी लांजेवार, पहिल्या वर्षाची. वडशाकडची, म्हणजे पार पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतली. दीड दिवसाचा प्रवास करून हॉस्टेलच्या दारात उतरली, तेव्हा हातात पत्र्याची पेटी होती आणि मान अशी ताठ, की जणू आम्हीच तिच्याकडे प्रवेश मागायला उभे होतो.

आणि का नसावी ताठ? तिकडे दिवाळी झाली की गावोगाव नाटकं लागतात, आणि ही नऊ वर्षांची असल्यापासून त्यांत उभी राहते. दीडशे प्रयोग केलेत पोरीने. इथली बाकीची कार्टी शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदा झाड झालेली, तेवढीच.

"प्राम्टर म्हणजे?" सरांनी विचारलं. त्यांना माहीत होतं. तरी विचारलं.

"वाक्य देणारा, जी. आमच्याकडे स्टेजपुढे खड्डा राहते. त्यात पेटीवाला, तबलेवाला, अन् बाजूले वही घेऊन प्राम्टर. तो वाक्य देते, आपण उचलाचं."

"तुझा प्राम्टर कोण होता?"

"माझे बाबा."

हसणं जरा खाली आलं.

आता हिची गंमत सांगते. गंमत कसली, कटकटच होती ती. सरांनी पहिल्या वर्षाच्या नाटकात तिला बहिणीची मोठी भूमिका दिली होती. आवाज असा, की कुजबुजली तरी माझ्या कपाटापर्यंत पोचावी. पण प्रत्येक वाक्याआधी ही बया मान डावीकडे खाली झुकवायची, क्षणभर कान द्यायची, आणि मग बोलायची. प्रत्येक वाक्याआधी! खाली फरशीशिवाय काही नाही, तरी हिचा कान तिकडेच.

पोरांनी लगेच तिची नक्कल उचलली. मेसमध्ये पोळी मागतानासुद्धा मान वाकडी करून थांबायचे मेले. तिने एकदाही उलट उत्तर दिलं नाही. पण त्या दिवसापासून ती ताट घेऊन एकटी जिन्यात बसायला लागली. मला फार वाईट वाटायचं.

स्वतः काय दिवे लावत होती ही पोरं? समोरचा कधी गप्प होतो याची वाट बघायची, आणि झाला की आपलं वाक्य फेकायचं. सरांचा तीस वर्षं एकच जप, "ऐका रे. समोरच्याचं ऐका." ऐकतंय कोण!

नाटकाला आठ दिवस उरले होते.

"इथं खड्डा नाही," सर म्हणाले.

"मग खुर्ची ठेवा."

"कुणाची?"

"कोणाचीबी. वाचता आलं म्हणजे झालं. सर, मी दीडशे प्रयोग केले. एक वाक्य चुकली नाही."

"एकही?"

"एकही नाही."

"मग प्राम्टर कशाला?"

"प्राम्टर होता म्हणूनच तर चुकली नाही!"

वा गं पोरी, मी मनात म्हटलं. उत्तर तर चोख होतं.



त्रिवेणीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. आवाज मात्र सरळ होता.

"नसन जमत तर सांगून टाका, सर. आमच्या नाटक कंपनीच्या मालकाने बाबाले निरोप देल्ला. या सीझनले मोठा रोल आहे. आज संध्याकाळपर्यंत हो का नाही ते सांगाचं आहे. माझी पेटी मी अजून पुरी उघडली नाही."

आता मात्र कुणी हसलं नाही. गेली असती ती. संध्याकाळची गाडी धरून सरळ गेली असती, आणि पुन्हा कधी या दारात दिसली नसती. असे दोघेतिघे माझ्या डोळ्यांदेखत गेलेत.

सर उठले. भिंतीकडेचा बुटका पाट ओढला, रंगमंचाच्या पुढ्यात डाव्या अंगाला ठेवला, आणि त्यावर मांडी घालून बसले. चौसष्ट वर्षांचा माणूस. गुडघे कडकड वाजले.

मग माझ्याकडे हात पसरला.

"वही."

"अहो सर, ही तर…"

त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी गप्प झाले. मी गप्प होणं म्हणजे काय, ते विभागात कुणालाही विचारा. सरांनी माझ्या मांडीवरची वही उचलली, त्यात टोचलेल्या सुईसकट.

"त्रिवेणी, पहिल्यापासून. निषाद, तू पण जा वर."

प्रसंग असा होता. भावाने बहिणीला न विचारता आईचं घर विकलंय. बहीण दारात येऊन उभी आहे. निषाद भाऊ.

त्रिवेणी वर गेली. पाटावर वही घेऊन बसलेला माणूस दिसला, आणि तिचा चेहरा असा काही उजळला म्हणता! हॉस्टेलच्या दारात उतरलेली ती ताठ पोरगी तीन आठवड्यांनी मी पुन्हा पाहिली. मान झुकली. सर वहीत बघून पुटपुटले.

"दादा, मी वाटा मागायला आले नाही," तिने वाक्य उचललं.

खोलीतला पंखासुद्धा दबकून फिरायला लागला असं वाटलं मला.

मान झुकली. सर पुटपुटले. मी हाताच्या अंतरावर बसलेली, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"नऊवारी हिरवी, एक. काठ उसवलेला."

"पण कुलूप बदलायच्या आधी एक फोन करायचा होतास," त्रिवेणी म्हणाली.

अगं बाई! माझा हात तोंडावर गेला.

"फेटे सात. एक परत आला नाही."

"आई गेली त्या दिवशी तूच म्हणालास, हे दार तुझंही आहे म्हणून."

पुढच्या पोरांनाही आता कळलं होतं, सर काय वाचताहेत ते. एकीला हसू आवरेना. सरांनी वहीवरून नजर न काढता एक बोट वर केलं. पण बोटाची गरजच पडली नाही. पोरगी असं काही करत होती की हसणं घशातच विरलं. निषाद तर तिच्याकडे बघतच राहिला, आणि बघता बघता स्वतःचं वाक्य विसरला.

सरांनी त्याला काही दिलं नाही.

त्रिवेणी दाराकडे वळल्यासारखं करून पाठमोरी झाली, आणि ओठांतल्या ओठांत त्याला म्हणाली, "तू सासरी गेलीस तेव्हाच…"

"तू सासरी गेलीस तेव्हाच सुटलीस!" निषाद ओरडला. खरंच ओरडला. आजवर त्याने हे वाक्य बसचं तिकीट मागितल्यासारखं म्हटलं होतं.

मान झुकली.

"धोतरं चार. पैकी एक निषादने फाडलं."

निषादचं नाव कानावर पडलं तशी त्रिवेणीने तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं.

"काय?"



ती खाली उतरली. सरांच्या हातातली वही ओढून घेतली. एक पान वाचलं, दुसरं वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या तिच्या.

"तुमी माझी थट्टा केली."

"मी प्राम्टिंग केलं."

"हे प्राम्टिंग नाही! बाबा असं नाही करत!" डोळे भरून आले होते, पण पापणी लवू देत नव्हती. "या पोरायच्यासारखेच निघाले तुमी बी."

"बाबा काय करतात?"

"बाबा वाक्य देते!"

"विचार त्यांना."

"काय विचारू?"

"मागच्या सीझनला तुला किती वाक्यं दिली."

ती तणतणतच कोपऱ्यात गेली, पिशवीतून फोन काढला. सरांनी खूण केली, मोठ्याने लाव म्हणून. तिने स्पीकर लावला आणि तो फोन असा पुढे धरला, की आता सगळ्यांना कळेलच खरा प्राम्टर काय असतो ते.

पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट, आणि मग एक घोगरा, मऊ आवाज.

"बोल ना बाई. जेवली का?"

"बाबा, मागच्या सीझनले तुमी मले किती वाक्य देल्ले?"

कोंबड्या तेवढ्या ओरडत राहिल्या…

"तुझे सर आहेत का तिथं?"

"आहेत."

"मंग खोटं नाही बोलत." घसा खाकरल्याचा आवाज आला. "एकबी नाही देल्लं, बाई."

"बाबा?"

"तू दहावीत गेली, तवापासून नाही देल्लं. तुले तुझं पाठ, दुसऱ्याचंबी पाठ. बाकीच्याइले द्याचो. तुझी पाळी आली का मी नुसते ओठ हालवाचो. पेटीच्या आवाजात तुले काय समजते!"

"पण कायले? ओठ तरी कायले हालवाचे?"

"तू कान कराची ना माझ्याकडे." थोडं थांबून म्हणाले, "तुले वाटाले पाहिजे, बाबा आहे म्हणून."

सुई वहीत होती म्हणून बरं, नाहीतर माझ्या बोटातच गेली असती. मी पदर डोळ्यांना लावला. लपवायचं काय त्यात? निषादही छताकडे बघत होता, आणि छतावर बघण्यासारखं काही नाही, बावीस वर्षांत नव्हतं.

"मालकाले काय सांगू?" बाबांनी विचारलं.

त्रिवेणीने रंगमंचाकडे बघितलं. मग त्या बुटक्या पाटाकडे. मी मनातल्या मनात आमच्या गावच्या जाखाईला नारळ बोलले, ही राहू दे म्हणून.

"नाही म्हणून सांगा."

"पक्कं?"

"पक्कं. अन् पुढच्या रविवारी आमच्या नाटकाले या. पयल्या रांगेत बसा."

"वही आणू का सोबत?"

ती हसली. नाक पुसत, पण हसली.

"नका आणू. अन् ओठ हालवाचे नाहीत."

फोन ठेवला. ओढणीने चेहरा खसाखसा पुसला. आणि काय सांगू, मान पुन्हा ताठ! पहिल्या दिवशी पत्र्याची पेटी घेऊन उतरली होती ना, तश्शीच. पाटापुढे जाऊन उभी राहिली.

"सर, वाक्याचं कळलं. आता ही मान राहिली. आठ दिवस आहेत. ही सवय मी मोडून टाकते. कशी मोडू तेवढं सांगा."

सरांनी उठायला हात पुढे केला. तिने तो धरला, गुडघे पुन्हा कडकड वाजले. त्यांनी वही मला परत दिली, सुई होती त्याच पानात. मग मागे बसलेल्या पोरांवरून एकदा नजर फिरवली…

"मोडू नकोस," सर म्हणाले. "यांना ती कान द्यायची सवय लावायला मला तीन वर्षं लागतात."