हैबतरावांचे दात

वाघोशी नावाचं एक गाव होतं आणि त्या गावाची एक रीत होती. सोयरीक ठरली की गावातल्या एका वडीलधाऱ्यानं भरल्या बैठकीत अख्खी सुपारी दाढेखाली फोडायची. अर्धी मुलीच्या घरी, अर्धी मुलाच्या घरी. अडकित्ता चालायचा नाही. ज्याचा दात पक्का त्याचा शब्द पक्का, असं वाघोशीकर म्हणत. दाताचा आणि शब्दाचा संबंध काय, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. रीत म्हटली की डोकं खुंटीला!

हा मान हैबतरावांचा होता. मान कसला, मिरवणूकच ती! कुणाचा दात पडला की हैबतराव खदाखदा हसायचे. "आता पेज प्या नि गप पडा," म्हणायचे.

एकदा ते तालुक्याला लेकीकडे गेले असताना न्हाणीघरात पाय घसरला आणि वरचे पुढचे तीन दात गेले. वयाला शोभेलसंच झालं होतं. पण हैबतरावांनी लेकीला कुणाला सांगू नको म्हणून बजावलं. गावात कळलं तर मान चुलतभावाकडे, बाबाजीकडे जाणार. मग जखम भरेपर्यंत ते लेकीकडेच राहिले आणि दात बसवून घेऊनच गावात पाऊल ठेवलं.

दाताच्या डॉक्टरनं बजावून सांगितलं होतं, "काका, हे दात काढता-घालता येणारे आहेत. यांच्या तारा तुमच्या दाढांना धरून बसल्यात. जेवल्यावर काढून धुवा. झोपताना काढा, पाण्यात ठेवा, हिरड्यांना विसावा द्या. आणि मुख्य म्हणजे त्या दाढा जपा. त्या आहेत तोवर हे दात आहेत. सुपारीला तर हातच लावू नका."

हैबतराव मान डोलावून आले. घरी आल्यावर दात काढतील तर शपथ! काढले नि कुणी पाहिलं तर? जेवले तसेच, झोपले तसेच, सणवार गेले तसेच. आतल्या आत अन्न कुजत राहिलं.

घरात नात होती, सगुणा. आईबापामागं हैबतरावांनीच वाढवलेली, त्यांचं ताट-पाणी करणारी. एकदा आजोबा हसले तेव्हा गालाआड तार चमकलेली तिनं पाहिली. पुढं तोंडाला वास यायला लागला, हिरडी सुजून गाल वर आला. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. संध्याकाळी उशाशी पाण्याची वाटी आणून ठेवली.

"आबा, काढून ठेवा यात. मी दार लावून घेते. कुणी बघायचं नाही."

"काय काढून ठेवू? जीभ?" हैबतराव कडाडले आणि वाटी अंगणात भिरकावली.

पोर चिवट होती. रोज वाटी भरून ठेवायची. रोज सकाळी ते पाणी तुळशीत जायचं, वाटीला दाताचा स्पर्शही झालेला नसायचा.

आणि एके दिवशी सगुणाचीच सोयरीक ठरली. स्थळ चांगलं होतं. मुलगा तिला आवडला होता, हे तिच्या चेहऱ्यावर कुणीही वाचलं असतं. सुपारीच्या सकाळी ती आजोबांना हळूच म्हणाली, "आबा, आजच्यापुरतं बाबाजीआजोबांना सांगा ना. तुमची दाढ दुखतीय."

"माझ्या नातीची सुपारी बाबाजी फोडणार? मी मेलो काय?"

बैठक भरली. हैबतरावांनी मिशीला पीळ दिला, सुपारी दाढेखाली धरली आणि जोर लावला. कट्! लोकांनी "वाहवा" केली. पण फुटली होती ती सुपारी नव्हे. तारेखाली किडून पोकळ झालेली दाढ फुटली होती. धरायला दाढच उरली नाही, तेव्हा तीन दातांची ती पट्टी निसटली आणि रक्तासकट पुढ्यातल्या ताटात, हळदीकुंकवात पडली. सुपारी शेजारी अख्खी.

कुणी हसलं नाही. अजून काही बिघडलं नव्हतं हो! "म्हातारा झालो, दात गेले," एवढं म्हटलं असतं तर बाबाजीनंच त्यांना पाणी दिलं असतं.

हैबतराव म्हणाले, "ह्या पोरीनं सुपारीला काहीतरी केलंय. तिला हे लग्नच नकोय."

सगुणा दारात उभी होती. तिच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. तिनं आजोबांकडं पाहिलं.

मुलाची आजी, मैनाबाई, पुढं सरकली. तिनं तोंडात बोट घालून आपले दात काढले, सगळ्यांना दाखवले आणि पुन्हा बसवले.

"हैबतराव, दातांसाठी सोयरीक मोडत नसते. माझेही काढता-घालता येणारेच आहेत, रोज सुनेसमोर धुते. पण स्वतःची लाज झाकायला जो नातीला उघडं पाडतो, त्याच्या घरी सोयरीक करायला माझं मन होत नाही."

पाहुणे उठले. म्हातारी बोलली ते खरंच होतं. पण त्या खऱ्याची शिक्षा कुणाला झाली? अपराध आजोबाचा आणि घरी बसली सगुणा. पुढं स्थळं आली नाहीत असं नाही. पण 'हिलाच लग्न नको होतं म्हणे' हे बोल स्थळाच्या आधी पोहोचायचे.

हैबतरावांच्या बाकीच्या दाढाही मग डॉक्टरला काढाव्या लागल्या. ती पट्टी आता कशालाच धरेना. एका संध्याकाळी ते अंथरुणावर बसून उशाशी चाचपत राहिले. बोळक्या तोंडानं म्हणाले, "सगुणे, वाटी ठेवली नाहीस गं?"

"आता कशाला, आबा?" सगुणा म्हणाली आणि दिवा लावायला निघून गेली.

तात्पर्य: गेलेलं लपवण्याच्या नादात माणूस राहिलेलं कुजवतो, आणि त्याची किंमत बहुधा त्यालाच मोजावी लागते, ज्यानं त्याला वेळेवर सावध केलेलं असतं.